खटक्यावर बोट

उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर, वडापच्या मागच्या काचेवर आणि गणपतीच्या मिरवणुकीत पोरांच्या टी-शर्टांवर आमच्या कोल्हापुरात एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'. बाहेरगावचा पाव्हणा त्याचा अर्थ विचारतो. खटका म्हणजे बंदुकीचा घोडा. बोट दाबलं, की समोरचा होता तिथंच आडवा. मधे विचारविनिमय नाही, 'कृपया थोडा वेळ थांबा' नाही. खटक्याने आपलं काम केलं आणि बोटाला ते तिथल्या तिथं समजलं.

हे वाक्य मी चाळीस वर्षं वाचत आलोय. त्यातलं शहाणपण मात्र गेल्या वर्षी मे महिन्यात दसरा चौकाच्या सिग्नलला ध्यानात आलं. समोर वडापची जीप, जीपच्या काचेवर हे वाक्य, डोक्यावर ऊन, आणि नव्याकोऱ्या गाडीत बसून मी पडद्यावर एसीचा पंखा शोधतोय. सिग्नल हिरवा झाला. मागच्या हॉर्नांनी ते मला कळवलं. बोट तयार होतं, खटका कुठं सापडत नव्हता, आणि पलटी व्हायची तेवढी शिल्लक होती.

नवी गाडी ही मुलाची हौस. तो पुण्यात असतो आणि कोल्हापुरातल्या आईबापांच्या सोयी तिथून ठरवतो. जुन्या गाडीला बावीस वर्षं झाली होती. तिच्या पुढ्यात तीन गोल कळा होत्या. डावी पंख्याची, मधली गार-गरमची, उजवी वारा कुठं सोडायचा त्याची. फिरवली की टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. दोन टक्‌ म्हणजे रंकाळ्यावरची संध्याकाळ, चार टक्‌ म्हणजे मे महिन्यातलं सांगलीचं लग्न. त्या कळांकडे मी कधी बघितल्याचं आठवत नाही. गाडी विकायच्या दिवशी शेवटचा हात फिरवताना पहिल्यांदा नीट बघितलं, तर मधल्या कळेवरचे आकडे पार पुसून गेले होते. ते कधी पुसले याचा पत्ताच नव्हता. बोटांना आकडे लागत नव्हते, मग मला तरी कशाला लागतील?

शोरूममधला मुलगा नव्या गाडीचं कौतुक करताना म्हणाला, "सर, आत एक बटण शोधून दाखवा!" लग्न जमवताना मुलाकडचे 'सुपारीचंसुद्धा व्यसन नाही' म्हणतात ना, त्या सुरात. मोठा पडदा, पडद्याखाली आरशासारखी गुळगुळीत काळी पट्टी, पट्टीवर सहा चित्रं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. नवीन वस्तूला नावं ठेवणं मला शोभलं नसतं. शिवाय मुलगा शेजारी उभा होता आणि पैसे त्यानेच भरले होते.

जुलै लागला तशा फोंड्याहून सासूबाईंच्या तब्येतीच्या बातम्या यायला लागल्या. फोंडा म्हणजे आमच्या सौ.चं माहेर, घाटाखालचं. राधानगरी, दाजीपूर करत निघालो. दाजीपूरपर्यंत पाऊस नुसता पाऊस होता. घाटाच्या तोंडाशी तो धुकं झाला, आणि दोन मिनिटांत समोरची काच आतून पांढरी पडली. हे काही नवीन नव्हे. जुन्या गाडीत असं झालं की उजवी कळ टोकापर्यंत फिरवायची, डावी चार टक्‌, काच मोकळी. हात आपोआप तिकडे गेला. तिथं ती काळी पट्टी होती.

पट्टीवरची सहाही चित्रं बोटाला सारखीच लागतात, म्हणजे लागतच नाहीत. काचेची वाफ घालवायचं चित्र इडलीतून तीन वाफा निघाव्यात तसं आहे. त्याच्या शेजारी तशीच चौकोनी इडली आहे, ती मागच्या काचेची. मी समोर बघत अंदाजाने बोट टेकवलं. खड्डा आला. बोट सरकलं. आमच्या बैठकीखालून गार वारा सुरू झाला. चित्रा नक्षत्राच्या पावसातसुद्धा कुणी अशी मागणी केली नसती, आणि हा तर पुनर्वसूचा पाऊस. पुन्हा बोट टेकवलं. रेडिओ लागला, मोठ्याने. सौ.ने चष्मा पुसला, वाकून चित्रं वाचायला घेतली आणि म्हणाली, "यातलं आपलं कुठलं?"

मग मला मुलाने शिकवलेली युक्ती आठवली. ही गाडी म्हणे बोललेलं ऐकते. मी शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायचो त्या आवाजात म्हणालो, "एसी वाढव." गाडीने क्षणभर विचार केला आणि आमच्या राजारामपुरीतल्या एसी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो बिचारा लगेच बोलला, "सर, सर्व्हिसिंग करायचंय काय?" बाहेर धुकं, आत धुकं, डाव्या हाताला दरी, आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर मी त्याला सांगतोय की नाही, सध्या नको, दिवाळीच्या आधी बघू.

"अहो, घ्या बाजूला," सौ. म्हणाली. मी घेतली. तिने पदराचं टोक गुंडाळून समोरची काच पुसली. माझ्या बाजूची आधी, मग तिची. पदराला मेनू नसतो.

परतीच्या वाटेवर उघडीप होती म्हणून राधानगरीला थांबलो. शाहू महाराजांनी कामाला घातलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांना वीज लागत नाही, कळ लागत नाही, माणूसही लागत नाही. पाणी ठरावीक पातळीला चढलं की त्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो, उतरलं की मिटतो. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. 'राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की अर्धं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजायला लागतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सगळ्या जिल्ह्याचा जीव ज्याच्यावर टांगलेला आहे त्या दरवाज्याने आजवर कुणाला 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' असं म्हटलेलं नाही. तिथं उभा राहून मी आमच्या गाडीकडे बघितलं. ती पावसाने धुऊन निघून चकाकत होती. दिसायला छानच आहे, ते नाकारता येणार नाही.

घरी आल्यावर, निवृत्त मास्तर करतो तेच मी केलं. वाचायला बसलो. मला वाटत होतं, हे माझं वय बोलतंय. तर निघालं भलतंच. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये एका विमानतळावर अकरा नव्या गाड्या आणि सोबत २००५ सालची एक जुनी व्होल्वो आणून उभी केली होती. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार साधी कामं करायची: ऊब वाढव, रेडिओवर ठरलेलं स्टेशन लाव, असली. गाड्यांशी ओळख करून घ्यायला त्यांना आधी वेळही दिला होता. बटणांच्या म्हाताऱ्या व्होल्वोत चारही कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या पडदेवाल्या गाडीला लागले जवळजवळ ४५ सेकंद, आणि गाडी गेली १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या वर! आमच्याकडे एवढ्या अंतरात दोन म्हशी, एक वरात, उलट्या बाजूने येणारी एक मोटारसायकल आणि तिच्यावरचे तिघंजण भेटतात.

जर्मनीतला एक गृहस्थ तर माझा सख्खा भाऊ शोभावा. मुसळधार पावसात वायपरचा वेग वाढवायला त्याने पडद्यावर बोट नेलं आणि गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. कार्ल्सरूहच्या न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की पडद्यावरून वायपर चालवणं हे गाडी चालवताना फोन हाताळण्यासारखंच आहे. २०० युरो दंड आणि महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. वायपर तिथं ठेवणाऱ्याला काय शिक्षा झाली, ते निकालाच्या बातमीत नव्हतं.

हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या 'जॉन एस. मॅकेन' या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. दहा नौसैनिक गेले. जहाजाचं सुकाणू आणि वेग पडद्यावरून चालत होते, आणि कुठल्या जागेवरून कोण काय चालवतोय हे ऐन वेळी खलाशांनाच कळेनासं झालं. चौकशी झाली, आणि अमेरिकी नौदलाने २०१९ मध्ये ठरवलं की वेगाचा दांडा पुन्हा हातात धरायचा ठेवायचा. आता मोटारवालेही त्याच रांगेत आले आहेत. फोक्सवॅगनच्या मुख्य डिझायनरने २०२५ मध्ये कबूल केलं की रोज लागणारी बटणं काढली ही चूक झाली, ती पुन्हा होणार नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी २०२६ पासून नियम केलाय की पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदत बोलावायची कळ या पाच गोष्टी हाताला लागतील अशा पाहिजेत. हॉर्नसाठी नियम करावा लागला, हे वाचून मात्र मी चहा खाली ठेवला. कोल्हापुरात हॉर्न पडद्याआड गेला तर वाहतूकच बंद पडेल.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उद्यमनगरात त्यांचं मशिन शॉप आहे. या उद्यमनगराला मी फार मानतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी आणि दामल्यांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, त्या गावात असली वस्ती असणारच. तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. हात अडखळला की पडद्यावरची द्रौपदीही अडखळणार. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळून जाताना मला त्या चित्रांपेक्षा त्या मनगटांचंच जास्त अप्रूप वाटतं.

दाजींनी ऐकून घेतलं आणि कापसाच्या बोळ्याला हात पुसत म्हणाले, "मास्तर, एका बटणाला किती खर्च येतोय ठावं हाय काय? एक बटण म्हंजे एक डाय. मग स्प्रिंग, पत्ती, वायर, पॅनेलला भोक. असली चाळीस बटणं. त्यापरीस एक काच बसवली की चाळीस बटणं चित्रात. चित्राला काय लागतंय?"

"म्हणजे हे आमच्या सोयीसाठी नाही तर."

"सोय हाय की. कुणाची, ते त्यांनी सांगिटलं न्हाई."

मग त्यांनी मला त्यांच्या सीएनसी मशिनपाशी नेलं. त्यालाही रंगीत पडदा आहे, चांगला मोठा. म्हटलं, आता सापडले. पण त्यांनी बाजूला लटकलेलं एक चाक हातात दिलं. त्याला ते हँडव्हील म्हणतात. फिरवलं की टक्‌ टक्‌ वाजतं. एक टक्‌ म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. शेजारचा खटका बदलला की एका टक्‌ला दहा मायक्रॉन, आणखी बदलला की शंभर. कारागिराचे डोळे टूलच्या टोकावर असतात आणि मोजणी हात करतो. बावीस वर्षं मीही रंकाळा आणि सांगली असंच मोजत होतो, फक्त माझे मायक्रॉन जरा मोठे होते.

आणि पडद्याच्या खाली, मुठीने हाणता येईल असं तांबडंलाल, भुईछत्रीच्या आकाराचं बटण. इमर्जन्सी. "बोटाला वंगण, हातात मोजं, आणि टूल मोडायला लागल्यावर मेनू कोण उघडणार?" दाजी म्हणाले. "पडद्यावर काय बी दावा. थांबायचं बटण मला तळहाताएवढं पायजे आणि रोज त्याच जागेला पायजे." मी त्यांना विचारलं, हे बटण कधी दाबायची वेळ आलीय का? त्यांनी डाव्या हाताची करंगळी दाखवली. पेरावरचा व्रण जुना होता. "हे ते बटण नव्हतं तवाचं," म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

घरात काचेने आधीच पाय पसरले होते. मुलाने आईसाठी, म्हणजे त्याच्या आजीसाठी, नवी शेगडी आणली होती. विजेची, वर सपाट काळी काच, काचेवरच कळा. आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला ज्वाळा दिसल्याशिवाय स्वयंपाक सुरू झाल्यासारखा वाटत नाही, पण नातवाचा शब्द म्हणून तिने दूध ठेवलं. दूध ही वस्तू तुम्ही पाठ फिरवायची वाट बघत असते. ते उतू गेलं आणि नेमकं कळांवर सांडलं. आता बंद करायचं तर बोट लावायचं कुठं? दुधाच्या थारोळ्यातून शेगडीला काहीच समजेना. ती पीं पीं करत राहिली आणि दूध उतत राहिलं. आई ओरडली, "अरे हिचा कान कुठं हाय?" जुन्या गॅसला कान होता. तो पिळला की कितीही दूध सांडलेलं असो, गॅस गप बसायचा. शेवटी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. खट्‌ असा आवाज झाला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

यात शेगडीचा दोष म्हणावा तर तसा नाही. मी आईला समजावून सांगितलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच सांगितलं. या काचेखाली एक पातळ थर असतो, त्यात नाममात्र विद्युतभार खेळता ठेवलेला असतो. आपलं शरीर वीजवाहक. बोट टेकलं की त्या जागचा भार बदलतो आणि यंत्राला कळतं, इथं कुणी आलं. पण पाणीही वाहक, दूधही वाहक. ओल्या काचेला सगळीकडे बोटंच बोटं दिसतात. उलट बोट फार कोरडं असलं, कातडी राठ झालेली असली, तर तिला कुणी आल्याचं जाणवतच नाही. आईच्या बोटांचं तेच होतं. साठ वर्षं भाकऱ्या थापलेली, भांडी घासलेली ती बोटं. वॉशिंग मशिनच्या काचेवर ती टेकवते, मशिन गप्प. मी टेकवतो, मशिन गाणं म्हणतं. आईने एकदा हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "मी हाय का न्हाई, तेच हिला कळंना व्हय?"

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळ्या जिल्ह्याचे हात येऊन गेले. शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरणाऱ्यांचे, ऊसतोडीचे, गुऱ्हाळावरच्या गुळव्याचे. हा गुळव्या उकळत्या काहिलीतला थेंबभर रस पाण्यात टाकतो, बोटांत धरून त्याची गोळी वळते का बघतो आणि सांगतो, उतरवा. पाचशे लिटरचा निर्णय दोन बोटांवर. तीच बोटं रेशनच्या दुकानात अंगठ्याच्या यंत्रावर ठेवली की यंत्र म्हणतं, ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे या काचेचं सोवळं असं आहे: बोट स्वच्छ पाहिजे, कोरडं पाहिजे, पण फार कोरडं नको, आणि शक्यतो त्याने आयुष्यात काही काम केलेलं नसावं.

मराठी माणूस बटणाला कळ म्हणतो ते मला आवडतं. कळ दाबली की कळतं. ज्याला दाबता येत नाही आणि दाबल्याचं कळत नाही, त्याला कळ म्हणायचं की नुसतं चित्र? एसटीच्या कंडक्टरची दोरी बघा. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पुढच्या ड्रायव्हरला मागचा गर्दीतला कंडक्टर दिसत नाही, ऐकू येतो. कोल्हापुरी चपलेची करकर तरी दुसरं काय आहे? पाऊल पडलं, हे पावलालाच कळवणं.

आणि सगळ्यात मोठी कळ मी स्वतः हाताळलेली आहे. नोकरीत असताना निवडणुकीची कामं करावी लागली, त्यातल्या तीन वेळा केंद्राध्यक्ष होतो. मतदान यंत्रावरून देशात काय वाद व्हायचे ते होतात, मी त्यात शिरत नाही. मी सांगतोय ते त्या निळ्या बटणाबद्दल. १९८२ च्या मे महिन्यात केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ही यंत्रं पहिल्यांदा लावली. कायद्यात त्याची तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली, मग कायदा बदलला, आणि २००४ पासून अख्खी लोकसभा बटणावर आली. यंत्राला आजचं रूप दिलं ते पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी. एका ओळीत एक नाव, एक चिन्ह, एक बटण. शेजारी ब्रेलमधला आकडा, डोळे नसलेल्याने बोटाने वाचावा असा. दाबलं की तांबडा दिवा आणि लांबलचक पीं. आता सात सेकंद दिसणारी चिठ्ठीही असते.

पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत माझं केंद्र होतं. दुपारी एका आजींना नातवाने पाठुंगळी घालून आणलं. नजर अधू, हात थरथरते. आडोशाआड त्यांना नातवाने उभं केलं आणि नियमाप्रमाणे बाजूला झाला, कारण आजींनीच त्याला हाकललं. "तू जा. माजं मी बघतो." आमच्याकडे म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषी बोलतात. दोन मिनिटं काही हालचाल नाही. खोलीत सगळे गप्प. आजी एकेक बटण चाचपत, मोजत असणार. मग पीं झालं. पोलिंग एजंटांच्या बाकापर्यंत, बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आजी काठी टेकत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "वाजलं न्हवं?" म्हटलं, "वाजलं, आजी." "मग झालं," म्हणाल्या आणि पुन्हा नातवाच्या पाठीवर चढल्या.

एवढं सांगून मी बटणांचा भाट झालो असं समजू नका. टीव्हीच्या रिमोटवरची रबरी बटणं सहा महिन्यांत मऊ पडतात आणि मग बातम्या लावायला तो तळहातावर आपटावा लागतो, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? आमच्या जुन्या गाडीची हॉर्नची कळ एकदा एका अंत्ययात्रेच्या मागे अडकून बसली होती, ती गोष्ट मी अजून सौ.लासुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. आणि फोनच्या काचेवर रात्री नऊ वाजता पुण्याची नात दिसते, तेव्हा आई त्या काचेला दोन्ही हातांनी कवटाळते. तिथं बोट उमटलं काय, न उमटलं काय. नकाशा बघायला, फोटो मोठा करायला काचेसारखी सोय नाही. बघायच्या गोष्टी काचेवर असाव्यात. न बघता करायच्या गोष्टी तिथं ठेवल्या की घाटात पदर लागतो. पण हे माझं मत झालं, आणि माझं मत आमच्या घरातसुद्धा चालत नाही.

चाललं ते कामाला येणाऱ्या मावशींचं. त्यांना वॉशिंग मशिनवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, आणि काच गुळगुळीत असल्यामुळे चुकीच्या जागी बोट जाऊन एकदा नुसते रुमाल अडीच तास धुतले गेले. एक दिवस मी न्हाणीघराजवळून जाताना बघितलं, मशिनच्या काळ्या काचेवर तीन टिकल्या. तांबडी, हिरवी आणि एक चमकीची. सौ.च्या आरशावर नेहमी पाचसात टिकल्या चिकटवलेल्या असतात, त्यातल्याच. मावशी म्हणाल्या, "तांबडी बंदची, हिरवी चालूची. चमकीची चादरींची." मी डोळे मिटून बोट फिरवलं. टिकली बोटाला लागली. दाबलं. मशिनने ऐकलं. आईने मधलं बोट पाण्यात बुडवून, पदराला पुसून, थोडं दमट ठेवून हिरव्या टिकलीवर टेकवलं. मशिनने तिचंही ऐकलं.

त्याच संध्याकाळी मी आरशावरच्या दोन टिकल्या मागून घेतल्या आणि गाडीच्या काळ्या पट्टीवर लावल्या, एक पुढच्या इडलीवर, एक पंख्यावर. ऑगस्टमध्ये पुन्हा फोंड्याला गेलो. दाजीपूरच्या पुढे धुकं आलं, काच पांढरी पडली, मी समोर बघत राहिलो आणि बोट टिकलीवर गेलं. दोन वळणांत काच मोकळी. सौ. म्हणाली, "आता एसीवाल्याला दिवाळीचं कळवून टाका."

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. परत आणताना तिथला मुलगा आदबीने म्हणाला, "सर, पट्टीवर काहीतरी चिकटलं होतं, साफ केलं." मी काही बोललो नाही. घरी येऊन पुन्हा लावल्यात, या वेळी मोठ्या मापाच्या.